सेफ्टी पिन कुणी लावली?

मधुर भांडारकरांच्या ‘फॅशन’मधला (२००८) एक प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. कंगना राणावतनं साकारलेली शोनाली गुजराल रॅम्पवर चालते आहे आणि चालता चालता तिच्या अंगावरचा कपडा निसटतो. तिच्या घसरणीतली ही एक मोठी पायरी. सिनेमा तिच्यामागे जातो, आपणही जातो, कारण कंगनानं ते काम तितक्याच ताकदीनं केलंय. सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला उगाच मिळाला नव्हता. पण या प्रसंगाबद्दलचा एक साधा प्रश्न सिनेमा विचारत नाही आणि बघताना आपल्यालाही सुचत नाही. त्या कपड्याला आतून पिन कुणी लावली होती? आणि लावायला तिला किती सेकंद मिळाले होते?

प्रश्न खुसपट काढल्यासारखा वाटेल. पण फॅशनवरचे सिनेमे ओळीनं बघितले की लक्षात येतं, या सगळ्यांत बॅकस्टेज भरपूर आहे. आरसे, बल्ब, हेअरस्प्रेचे ढग, धावपळ, ‘पाच मिनिटं!’ अशी आरोळी. नसतं ते फक्त बॅकस्टेजचं काम. कॅमेरा तिथून जातो, थांबत नाही. आणि आज तिथे जी मुलं-मुली इंटर्न म्हणून उभी असतात, त्यातली बरीचशी हेच सिनेमे बघून आलेली असतात. म्हणून हे सिनेमे त्यांना काय शिकवून पाठवतात, ते तपासायला हवं.

आधी कामाबद्दल. शो सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मॉडेलच्या नावाचा एक रॅक लागतो. त्यावर तिचे लुक, घालायच्या क्रमानं टांगलेले. प्रत्येक लुकला एक कार्ड: फिटिंगच्या वेळी काढलेला फोटो, लुकचा नंबर, कानातलं कुठलं, दुपट्टा डाव्या खांद्यावर की उजव्या. रॅकच्या खाली बूट, त्यांच्या तळव्यांना मास्किंग टेप, कारण बूट पुष्कळदा उसने आणलेले असतात आणि ओरखडा न पडता परत जायचे असतात. रॅकशी काळ्या कपड्यांत उभी असते ती ड्रेसर. फार तर विशीची, बहुतेकदा फॅशनच्या कॉलेजातली. कमरेच्या पाऊचमध्ये सेफ्टी पिना, डबल टेप, सुई-दोरा, छोटी कात्री, ओले टिश्यू.

मॉडेल रॅम्पवरून आत येते आणि दुसऱ्या कपड्यात पुन्हा रांगेत लागते, यामध्ये कधी दोन मिनिटं असतात, कधी एकही नसतं. तेवढ्यात हूक, चेन, बूट, दागिने. कपडा डोक्यातून घालायचा असेल तर आधी चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकायची, म्हणजे लिपस्टिक कापडाला लागत नाही आणि केस मोडत नाहीत. पिन अशी लावायची की बाहेरून दिसू नये, आतून टोचू नये आणि परत आल्यावर एका हातानं निघावी. हे कौशल्य आहे. कॉलेजच्या वर्गात ते येत नाही, तिथेच येतं.

२००६ साली मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये रॅम्पवर मॉडेलचा कपडा निसटल्याचे प्रकार घडले आणि राज्यभर गदारोळ झाला. पोलीस चौकशीपर्यंत गोष्ट गेली. वाद रंगला तो ‘मुद्दाम केलं की चुकून झालं’ यावर. ‘फॅशन’ दोनच वर्षांनी आला, आणि त्यानं या वादात मॉडेलची बाजू घेतली, हे चांगलंच केलं. पण मॉडेल आणि तिच्याकडे टक लावून बघणारा समाज, एवढीच दोन पात्रं त्याला दिसली. कपडा निसटतो तो शिवणीतून, हुकातून, टेपमधून, घाईतून. ही तिसरी बाजू कामाची आहे, आणि कामाच्या बाजूला नाट्य नसतं असं आपल्या सिनेमानं धरून ठेवलंय.

मग ज्या सिनेमाची नायिकाच मागे राबणारी आहे, त्याचं काय? ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ (२००६) हा या प्रकारातला सगळ्यांचा लाडका सिनेमा. लॉरेन वाइसबर्गरची २००३ची कादंबरी त्याच्या मुळाशी आहे, आणि ती स्वतः ‘व्होग’मध्ये अ‍ॅना विंटूरची असिस्टंट होती. नायिका अँडी इंटर्न नाही, नोकरीवरची दुसऱ्या नंबरची असिस्टंट आहे. तरी जगभरातल्या फॅशन इंटर्ननी तिला आपली मानली. कॉफी आणायची, कोट उचलायचा, मालकिणीच्या जुळ्या मुलींसाठी अजून छापलंही न गेलेलं ‘हॅरी पॉटर’ मिळवायचं. या नोकरीसाठी लाखो मुली जीव टाकतील, हे तिला पुन्हापुन्हा ऐकवलं जातं.

सिनेमा चतुर आहे. तो अँडीच्या कामाला परीक्षा करतो. प्रत्येक अशक्य काम म्हणजे एक पेपर, पास झाली की पुढचा. मग नायजेल तिला नखशिखांत बदलून टाकतो आणि आजवर तिला हसणारे वळून बघायला लागतात. मागे राबणारी मुलगी दिसायला लागते ती पुढे शोभेल अशी झाल्यावरच. आपल्याकडे ‘जस्सी जैसी कोई नहीं’च्या जस्सीच्या बाबतीतही आपण मेकओव्हरचीच वाट बघत होतो. ती मुळात फॅशन हाऊसमध्ये काम करत होती आणि ते उत्तम करत होती, याचं कौतुक तोवर थोपवून धरलेलं होतं.

या सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं भाषण निळ्या स्वेटरवरचं. अँडी दोन सारख्या पट्ट्यांकडे बघून हसते आणि मेरील स्ट्रीपची मिरांडा तिला थंड आवाजात सोलून काढते: तुझ्या अंगावरचा हा रंग तू निवडलेला नाहीस, तो आमच्यासारख्यांनी निवडला. मग रंगाचा प्रवास सांगते. अमुक डिझायनरचं कलेक्शन, मग दुसऱ्यांची, मग मोठी दुकानं, शेवटी सवलतीच्या कपड्यांचा ढीग. हे भाषण रील म्हणून अजून फिरतं, आणि लोक ते फॅशनच्या बाजूचा बिनतोड युक्तिवाद म्हणून शेअर करतात. ते आहेही बिनतोड. पण एकदा कान देऊन ऐका. त्या प्रवासात डिझायनरांना नावं आहेत. नोकऱ्यांचा उल्लेखही येतो, पण डॉलरच्या शेजारी, असंख्य या विशेषणासकट, म्हणजे रंगाचं वजन किती हे सांगायला. तो रंग कापडाला दिला कुणी, स्वेटर विणला कुणी, शोच्या सकाळी त्याच्या सुरकुत्या काढल्या कुणी, हे सगळं गाळून स्वेटर वरून खाली घरंगळत येतो. इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांची खडखड ऐकत वाढलेल्याला हे भाषण जरा वेगळं ऐकू येतं. कापड घरंगळत येत नाही, हे त्याला माहीत असतं.

आणि शेवट? कादंबरीत अँडी पॅरिसमध्ये मिरांडाला शिवी हासडते आणि नोकरी गमावते. सिनेमात ती फोन कारंज्यात टाकून निघून जाते, आणि नव्या नोकरीसाठी मिरांडाच तिच्याबद्दल तिरकस का होईना, शिफारस करते. म्हणजे सोसलेलं वाया गेलं नाही. छळाचं रूपांतर अनुभवात झालं, अनुभवाचं शिफारशीत. मला या सिनेमाची सगळ्यात मोठी अडचण वाटते ती इथे. शीर्षकातच डेव्हिल आहे, आणि त्यामुळे गोष्ट सोपी होते. सैतान असला की त्याच्यापासून सुटता येतं.

मी मुंबईतल्या एका फॅशन शोला चार दिवस इंटर्न म्हणून काम केलंय. तिथे सैतान नव्हता. सकाळी आठपासून स्टीमर हातात, दुपारी फिटिंग, संध्याकाळपासून ओळीनं शो, आणि रात्री शेवटचे दिवे गेल्यावर यादी लावून एकेक कपडा, एकेक कानातलं मोजून बॅगेत. बसायला खुर्ची नव्हती, कारण खुर्च्या मेकअपला लागतात. मोबदला म्हणजे जेवणाचं पाकीट, सर्टिफिकेट आणि गळ्यातला पास. पण ओरडलं कुणीच नाही. मला कामं सांगणारी मुलगी माझ्याहून एका वर्षानं मोठी, आदल्या वर्षी माझ्याच जागी होती. तिला कामं सांगणाऱ्या स्टायलिस्टच्या असिस्टंटचे आधीच्या शोचे पैसे अजून आले नव्हते. स्टायलिस्ट डिझायनरवर अवलंबून, डिझायनर प्रायोजकावर. सगळे थकलेले, बहुतेक सगळे चांगले वागणारे, एकमेकांना बिस्किटं देणारे. आता रागवायचं कुणावर? फोन फेकायला कारंजं शोधलं तरी समोर मिरांडा हवी ना.

खऱ्या बॅकस्टेजचं हे व्याकरण आहे. फुकट काम तिथे कुणा दुष्टाच्या लहरीवर चालत नाही. ते रांगेवर चालतं. तू या वर्षी उभी राहा, पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरी उभी राहील आणि तू तिला कामं सांगशील. अँडीची गोष्ट या रांगेला वंगण घालते. पाय सुजले की इंटर्न मनात म्हणते, हा माझ्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग आहे. पगाराचा एक हिस्सा अशा रीतीनं गोष्टीतून चुकता होतो.

गंमत बघा. नऊ वर्षांनी तीच अ‍ॅन हॅथवे ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीची मालकीण झाली, नॅन्सी मेयर्सच्या ‘द इंटर्न’मध्ये (२०१५). शीर्षकात इंटर्न असलेला हा बहुधा सगळ्यात जास्त बघितला गेलेला सिनेमा, आणि त्यातला इंटर्न कोण? सत्तर वर्षांचा निवृत्त अधिकारी, रॉबर्ट डी नीरो. स्वतःचं घर, कपाटात इस्त्री केलेले सूट, पैशाची चिंता नाही. त्याला हवाय तो दिवस घालवायला उद्योग. सिनेमा गोड आहे, डी नीरो लोभस आहे. पण इंटर्नशिप सुखाची दाखवायची तर इंटर्न असा निवडावा लागतो ज्याला पगाराची गरजच नाही, हे त्या गोडव्यानं नकळत कबूल केलंय.

याच सिनेमात बेकी नावाची मालकिणीची तरुण सेक्रेटरी आहे. रात्रंदिवस राबूनही आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून ती रडते. दोन तासांतला हा सगळ्यात खरा क्षण. त्यावर सिनेमाचं उत्तर म्हणजे आजोबांची समजूत आणि मालकिणीची शाबासकी. कामाचे तास तेवढेच राहतात, बेकी मात्र हसायला लागते.

एक सिनेमा मात्र रॅकपाशी थांबतो. फ्रेडरिक चेंग यांची ‘दिओर अँड आय’ (२०१४) ही डॉक्युमेंटरी. २०१२ साली राफ सिमन्स दिओरमध्ये आले आणि त्यांना पहिलं कुतूर कलेक्शन जेमतेम आठ आठवड्यांत उभं करायचं होतं. कॅमेरा सिमन्सच्या मागे आहेच, पण तो पुन्हापुन्हा वरच्या मजल्यावरच्या शिवणघरांत जातो. तिथल्या कित्येक बायका वर्षानुवर्षं सुई धरून आहेत. त्यांच्या हातांकडे चेंग घाई न करता बघतात. सिमन्सना कपडे बघायचे असतात आणि शिवणघराची प्रमुख फ्लोरन्स एका ग्राहकाच्या फिटिंगसाठी न्यूयॉर्कला गेलेली असते. ते चिडतात. त्यांना सांगितलं जातं की एवढे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणता येत नाही. या एका प्रसंगात फॅशनच्या धंद्याची रचना जितकी कळते, तितकी मिरांडाच्या भाषणातून कळत नाही. एक बाई, दोन मालक: कला आणि गल्ला.

पण ‘दिओर’मधल्या बायका इंटर्न नाहीत. त्या पगारी कारागीर आहेत, त्यांना हुद्दा आहे, आणि फ्रेंच शिवणघरात त्या हुद्द्याला मान आहे. म्हणूनच चेंग यांना त्यांच्याकडे बघता आलं असावं. कॅमेऱ्यासमोर त्या आपल्या कामाबद्दल बोलतात, तक्रार करतात, थट्टा करतात. चार दिवसांसाठी आलेल्या इंटर्नला तेवढा आवाज कुठून यावा? तिला त्या खोलीत टिकायचंय, परत बोलावलं जायचंय. शीर्षकातला ‘आय’ कोण, असा प्रश्न ही डॉक्युमेंटरी मुद्दाम मोकळा ठेवते. त्यात डिझायनर बसतो, शिवणारी बसते. पिन लावणारी अजून दाराबाहेर आहे.

कधीतरी ती बोललीही. कोंदे नास्ट म्हणजे ‘व्होग’ छापणारी कंपनी. तिच्यावर २०१३ साली अमेरिकेत दोन माजी इंटर्ननी वेतनासाठी दावा लावला. त्यातली एक ‘डब्ल्यू’ या फॅशन मासिकात होती. बारा-बारा तासांच्या दिवसाला आपल्याला १२ डॉलर मिळत, असं तिचं म्हणणं होतं. कंपनीनं त्याच वर्षी आपली इंटर्नशिपच बंद करून टाकली, आणि पुढच्या वर्षी ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे पैसे मागितले तर दारच बंद. ‘बघा, मागून काय मिळवलंत?’ असं म्हणणारे तेव्हाही होते. ‘प्राडा’च्या जगातली ही खरीखुरी उत्तरकथा, आणि ती कारंज्यातल्या फोनइतकी देखणी नाही.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१चा कायदा आहे, त्यात विद्यावेतन आहे. पण ते लागू व्हायला करार लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चार दिवस येशील का, काळे कपडे घालून ये’ असा मेसेज आलेल्या मुलीशी करार कोण करणार? मग चाळणी आपोआप लागते. जिचं घर अंधेरीला आहे तिला चार दिवस फुकट परवडतात. सोलापूर किंवा जळगावहून फॅशन शिकायला आलेल्या मुलीला मुंबईतली कॉट, रात्रीची रिक्षा आणि बुडालेली पार्टटाइम नोकरी यांचा हिशेब करावा लागतो. हुशारीचा प्रश्न त्यानंतर येतो. उद्या रॅम्पवर कुणाची कल्पना चालणार, हे असं आजच्या रिक्षाभाड्यावर ठरत जातं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की शिकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. मी चार दिवसांत कपड्याबद्दल जे शिकले ते एका सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. कागदावर सुंदर दिसणारी बटणांची ओळ अंधारात, घाईत, घामेजल्या पाठीवर कशी वैरीण होते, ते बोटांना कळतं. आपण लावलेल्या पिनेच्या जिवावर एक बाई दिव्यांत ताठ चालते आहे, याचा आनंद अस्सल असतो. माझी सिनेमांविषयीची तक्रार त्या आनंदासाठीही आहे. अपमान दाखवायचा तर कॉफी दाखवतात, कोट दाखवतात, कारण ती कुणालाही जमणारी कामं. हातातली कला दाखवली असती तर पुढचा प्रश्न टळला नसता. एवढं येत असेल, आणि त्यावाचून शो उभा राहत नसेल, तर त्याचे पैसे का नाहीत? काम क्षुल्लक दाखवलं की ते फुकट असणं खटकत नाही.

या सगळ्यासाठी आपल्या भाषेत एक शब्द पडून आहे. नेपथ्य. आज मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरचा सेट. पण संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाचा वेष, आणि तो चढवण्याची पडद्यामागची जागाही. वेष आणि पडद्यामागची जागा यांना एकच शब्द वापरणाऱ्यांना कदाचित माहीत असावं की कपडा आणि तो चढवणारे हात वेगळे काढता येत नाहीत. त्या नाटकांत नेपथ्यातून आवाजही यायचा, आणि पुढचं नाट्य त्या आवाजानं वळायचं.

मराठी नाटकानं याची थोडीफार आठवण ठेवली आहे. पडदा वर जायच्या आधी नाट्यगृहात नावं वाचली जातात: नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था. लोक तेव्हा मोबाइल बंद करत असतात, खोकत असतात, तरी नावं वाचली जातात. त्यानं कुणाचं पोट भरत नाही, रंगमंच कामगारांचे हाल संपत नाहीत. पण हे काम कुणीतरी केलंय, एवढं तरी हजार माणसांसमोर उच्चारलं जातं. फॅशन शो संपतो तेव्हा डिझायनर धावत येऊन हात जोडतो आणि आत जातो. मोबदला आणि नाव, दोन्ही हुकलेल्यांची फौज तेव्हा पडद्यामागे कपडे मोजायला लागलेली असते.

पुढचा फॅशनवरचा सिनेमा किंवा सिरीज बघाल तेव्हा एक करून बघा. मॉडेल रॅम्पवर पाऊल टाकते त्या क्षणी कॅमेरा कुठे जातो, एवढंच बघा. तिच्यामागे गेला तर ती गोष्ट आपण बघितलेली आहे. रॅकपाशी थांबला, रिकामा हँगर आणि पुढचा लुक हातात घेऊन सेकंद मोजणारी मुलगी त्यानं दाखवली, तर सरसावून बसा. आणि तिला या कामाचे किती मिळतात, असं कुणी तिला विचारलंच, तर तो सिनेमा बघायला मलाही बोलवा.